काजळी नसलेली काडतुसं

१

बंदुकांच्या आवाजात मी उभा जन्म काढलाय. त्यामुळे त्या सकाळी क्लबच्या स्वयंपाकघरात मांस-राजम्याची चिली ढवळत असतानाच मला कळलं की हा बार चुकीचा आहे. रायफल उडाली की आवाज पुढे, डोंगराकडे जातो. हा आवाज जागच्या जागी राहिला.

पळी टाकून मी बाहेर धावले. म्हातारा ऑर्विल सँडव्हिक नेम धरायच्या रेषेवर पालथा पडला होता आणि त्याच्या रायफलीचा लाकडी दस्ता उभा चिरला होता. लोरीन हॅस्केट माझ्या आधी पोचली होती. स्वतःच्या शर्टाची घडी तिने त्याच्या उजव्या डोळ्यावर दाबून धरली होती. रुग्णवाहिकेतल्या माणसाने विचारलं, काडतूस कुणी भरलं होतं. लोरीनने मागेपुढे न बघता सगळ्यांदेखत सांगितलं, "त्याची काडतुसं मी भरते. त्याचे हात कापतात."

तिथेच घोटाळा झाला. आमच्या बिटर फोर्कच्या हजार यार्डांच्या रेंजवर दुकानातलं काडतूस कुणी आणत नाही. जुनी पितळी पुंगळी साफ करायची, दारू स्वतः तोलायची, गोळी स्वतः बसवायची, तेव्हा कुठे इतक्या लांबचा नेम लागतो. आणि त्या दिवशी होता त्या संस्थापकांच्या सामन्यात तर रेषेवर हात वर करून शपथच घ्यावी लागते की ही काडतुसं माझ्या हातची आहेत. ऑर्विल दर वर्षी ती शपथ घ्यायचा आणि बक्षिसाची पाटी घरी न्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची होती. लोरीनने ती एका वाक्यात उघडली.

शेरीफचा माणूस आला, अपघात म्हणाला आणि माझी चिली खाऊन गेला. आमच्या क्लबच्या समितीचा अध्यक्ष रॉयस किंबल मात्र इतक्यावर थांबणारा नव्हता. ऑर्विलच्या पेटीत उरलेली काडतुसं त्याने त्याच संध्याकाळी फोडून तपासली, लोरीनला दाखवली आणि तिच्यापुढे एक कागद ठेवला. मी निष्काळजीपणे चुकीची दारू भरली, असं त्यावर लिहिलं होतं. सही केली तर दोन हंगाम बंदी. नाही केली तर शनिवारी मतदान, म्हणजे कायमची हकालपट्टी. आसपासच्या तीन काउंट्यांत हजार यार्डांची दुसरी रेंज नाही. लोरीन शाळेची बस चालवते, एका ट्रेलरमध्ये एकटी राहते, आणि नेमबाजी सोडली तर तिच्या आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं काही नाही.

तिने कागद वाचला आणि उलटा करून रॉयसकडे सरकवला.

"सही करणार नाही," ती म्हणाली. का नाही, ते मात्र तिने सांगितलं नाही. स्वतःच्या बाजूने ती एक शब्दही बोलली नाही.

२

मी वर्ना टॉलेफसन. निवृत्त होईपर्यंत मोंटानात गुरांच्या डागांची तपासनीस होते. एकाच्या गाईवरचा तापल्या लोखंडाचा डाग बिघडवून त्यावर दुसऱ्याने आपला डाग मारला असेल, तर तो ओळखणं हे माझं काम. त्या नोकरीत एक गोष्ट शिकले. खरा बेफिकीर माणूस आरोप झाला की आधी बोंब मारतो. लोरीन बोंब मारत नव्हती, म्हणून मी दुसऱ्या दिवशी रॉयसच्या वर्कशॉपमध्ये गेले.

रॉयसला मी त्याच्या कामात डोकावलेलं आवडत नाही, पण बघू दिलं नाही तर मी गावभर बोलत सुटेन हेही त्याला ठाऊक आहे. त्याने पेटी काढून दिली. फोडलेल्या काडतुसांतली दारू त्याने छोट्या वाट्यांत ठेवली होती. कुठे जास्त, कुठे कमी.

"बघा बाईसाहेब," तो म्हणाला. "दारू बरोबर आहे, पण माप एकाचं दुसऱ्याला जुळत नाही. जी बाई इतकं ढिसाळ माप टाकते, तिने एखाद्यात भलतीच दारू टाकली तर नवल काय?"

मी चष्मा चढवला आणि पुंगळ्या एकेक करून उजेडात धरल्या. प्रत्येकीच्या मानेची आतली बाजू आरशागत चकचकीत होती. मानेच्या कडेला गोळीवरच्या तांब्याचे बारीक कपचे निघालेले होते. गोळी बसवताना ती वाकडी टेकली, परत उचलली, परत टेकली, असं झालं की कपचे निघतात. आणि प्रत्येक पुंगळीच्या पोटावर केसाएवढी एक तिरकी रेघ होती.

ती रेघ मला नवी नव्हती. ऑर्विलच्या रायफलीत काडतूस जिथे बसतं तिथे फार जुना एक ओरखडा आहे. बार उडाला की पुंगळी फुगते, आतल्या भिंतीला घट्ट बसते आणि तो ओरखडा अंगावर घेऊन बाहेर पडते. गाईवर मालकाचा डाग असतो तसाच तो. या पुंगळ्या ऑर्विलच्याच होत्या, यात शंका नव्हती.

मी मान वर केली तर रॉयसच्या फळीवर त्याच्या पुंगळ्या ओळीने वाळत होत्या. आतून बाहेरून चकचकीत. गेल्या वर्षी लोरीनने त्याचा विक्रम मोडला तेव्हापासून तो तिच्याशी धड बोललेला नाही. मी त्या ओळीकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने पेटी माझ्या हातातून काढून घेतली.

३

लोरीनच्या ट्रेलरमध्ये दिवाणखाना नाही. जिथे असायला हवा तिथे काडतुसं भरायचं मेज आहे. मी कॉफी मागितली आणि ती उकळेपर्यंत तिच्या तयार काडतुसांतलं एक उचललं.

तिच्या पुंगळ्या मळकट दिसतात. मानेजवळ तापवल्याची निळसर झाक असते आणि आत काजळीचा पातळ थर. ती तो मुद्दाम ठेवते. काजळीवरून गोळी सरळ सरकते, प्रत्येक वेळी सारखी, असं तिने मला एकदा अर्धा तास समजावलं होतं. दारूही ती यंत्राने टाकत नाही. काट्यावर चिमटीने कण कण सोडते आणि काटा थांबेपर्यंत श्वास धरून बसते. ढिसाळ माप तिच्या हातून झोपेतसुद्धा पडणार नाही.

"रॉयसकडची काडतुसं तुझी नाहीत," मी म्हणाले.

ती कप पुसत राहिली.

"आत काजळी नाही. आणि ती काडतुसं तू त्याच संध्याकाळी पाहिलीस. तुला पहिल्या नजरेत कळलं असणार. मग बोलत का नाहीस?"

"कॉफीत साखर हवी का?"

मला राग आला आणि मी तो लपवला नाही. म्हटलं, बाई, तुझं नाव मातीत जातंय, शनिवारी तुला हाकलतील, आणि तू मला साखर विचारतेस? तशी ती समोर बसली. डोळे लाल होते, पण आवाज कापत नव्हता.

"वर्ना, मी त्याची काडतुसं भरायची, नियम मोडला, हे मी पहिल्याच मिनिटाला सांगितलं. त्याची काय ती शिक्षा द्या. पण जे मी केलं नाही त्यावर माझी सही होणार नाही. आणि जे माझं सांगायचं नाही ते मी सांगणार नाही. तुम्हाला काही सापडलंच, तरी तुम्ही माझ्यासाठी तोंड उघडायचं नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला, कारण तो दिल्याशिवाय ती मला पुढे काही विचारू देणार नव्हती. मग मी एकच गोष्ट विचारली. ऑर्विलच्या रिकाम्या पुंगळ्या कुठे जातात?

"सामना संपला की सगळ्या मी उचलते. एकही सोडत नाही. माझ्याच कपाटात असतात." तिने कपाट उघडून दाखवलं. सगळ्या होत्या, मळकट, काजळीच्या.

म्हणजे रॉयसला ऑर्विलच्या पुंगळ्या मिळण्याचा मार्गच नव्हता. लोरीन हे काम करू लागण्याच्या आधीच्या जुन्या पुंगळ्या कुणीतरी वापरल्या होत्या, आणि तसल्या फक्त सँडव्हिकच्या घरी असू शकत होत्या.

४

आमची रेंज सँडव्हिकच्याच कुरणात आहे, आणि त्यांच्या रँचवर आता बापलेकच राहतात. मुलगा क्लेटन चाळिशीचा, एकलकोंडा, आणि बापाने नेमबाजी सोडावी म्हणून गेली दोन वर्षं त्याच्याशी भांडणारा. मी गेले तेव्हा तो कुंपणाच्या तारा ओढत होता. मी काय विचारणार ते त्याने आधीच ओळखलं.

"मी केलं असं म्हणायचंय तुम्हाला? म्हणा. मला तो खेळ बंदच व्हायला हवा होता. पण डोळा घालवून नव्हे."

त्या शेडमध्ये आपण पाऊल टाकत नाही, असं त्याने सांगितलं. हरणासाठी लागतील तेवढी काडतुसं तो दुकानातून आणतो. गोळी कशी बसवतात हेही त्याला माहीत नाही, आणि शिकायची इच्छाही नाही. मग त्याने किल्ली माझ्याकडे फेकली आणि पाठ फिरवून कामाला लागला.

शेडमध्ये ऑर्विलचं जुनं मेज होतं. फळीवर कॉफीचा एक डबा होता आणि त्याच्या शेजारी धुळीत त्याचाच गोल उमटलेला, म्हणजे डबा नुकताच हलवलेला. आत पुंगळ्या, आतून बाहेरून चकचकीत. जुन्या पद्धतीची माणसं पुंगळ्या उकळून घासायची. त्यांच्या पोटावरही तीच केसाएवढी रेघ होती. डबा अर्धा रिकामा होता.

मेजाला दारू मापायचं यंत्र जोडलेलं होतं. वर काचेचा नळा, खाली दांडा. दांडा फिरवला की एक माप पडतं. नळ्यात थोडी दारू उरली होती, लांबच्या पल्ल्याची, बारीक काड्यांसारखी. पण तळाशी, दांड्याच्या खाचेत, काही चपटे कण चिकटले होते. ती रिव्हॉल्व्हरची दारू. ती झपाट्याने जळते. रायफलीच्या पुंगळीत ती भरणं म्हणजे चुलीत पेट्रोल ओतणं.

मी बाहेर येऊन क्लेटनला विचारलं, रिव्हॉल्व्हर कोण वापरतं.

"बाबा. उन्हाळ्यात सापांसाठी," तो म्हणाला. मग तारेवरचा हात थांबला आणि तो माझ्याकडे बघत राहिला. "का?"

मी परत आत गेले आणि मेजाखाली वाकले. बसायच्या स्टुलाभोवती जमिनीवर दारू सांडली होती. एका बाजूला नव्हे, सगळीकडे, मूठभर.

५

माझ्या धंद्यात एक गोष्ट पक्की कळते. चोर डाग मारतो तेव्हा त्याचा हात स्थिर असतो. त्याने बेत केलेला असतो, त्याला घाई नसते. डाग दुहेरी उमटतो तो मालकाचा, कारण त्याचा हात थकलेला असतो किंवा म्हातारा झालेला असतो.

कुणाला ऑर्विलला इजा करायची असती तर त्याने एका काडतुसात घोळ करून पेटीत सरकवलं असतं. इथे पूर्ण पेटी भरलेली होती. प्रत्येक पुंगळी घासलेली, प्रत्येक गोळी चार चार वेळा उचलून पुन्हा बसवलेली. वाईट करणारा माणूस इतकी मेहनत घेत नाही. ज्याला नेम लागायला हवा असतो तोच घेतो. माप जुळत नव्हतं ते निष्काळजीपणाने नव्हे. कापणाऱ्या हाताखाली काटा थांबत नाही, म्हणून त्याने यंत्र वापरलं. यंत्राचा नियम असा की काम संपलं की नळा रिकामा करायचा. उन्हाळ्यात रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरून झाल्यावर तो रिकामा करायचा राहून गेला. तळाची दारू आधी पडते, म्हणून घात पहिल्याच काडतुसात झाला. आणि आमच्याकडे जे आधी भरलं तेच आधी उडवायची रीत आहे.

शुक्रवारी मी इस्पितळातून घरी आलेल्या ऑर्विलसमोर खुर्ची ओढून बसले. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. डॉक्टरांनी त्या डोळ्याची आशा सोडली होती. मी सगळं सांगितलं. त्याने एकदाही नाही म्हटलं नाही.

"दर वर्षी त्या रेषेवर हात वर करून खोटं बोलायचो," तो म्हणाला. "या वर्षी खरी शपथ घ्यायची होती मला, वर्ना. एकदा तरी. तिने दिलेली पेटी मी ट्रकच्या सीटखाली ठेवली आणि माझी घेऊन गेलो."

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण मी विचारलं, मग आता गप्प का?

"आता सांगितलं तर म्हातारा दारूसुद्धा ओळखत नाही म्हणतील. क्लेटन शेडला कुलूप घालेल. माझ्याकडे दुसरं राहिलंय काय? ती तरुण आहे. दोन हंगाम जातील आणि येईल परत."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी उठले, कारण बसून राहिले असते तर आजारी माणसाला बोलू नये ते बोलले असते.

"ती सही करणार नाहीये, ऑर्विल. दोन हंगाम नाही, कायमची जाणार आहे. आणि तुझी काडतुसं तिने त्याच संध्याकाळी पाहिली. तुझी आहेत हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

त्याने माझ्याकडे एका डोळ्याने बघितलं. "माहीत आहे?"

"आणि तिने मलाही बोलू नको म्हणून शब्द घेतलाय. तेव्हा उद्या मी मूग गिळून बसणार. तू काय ते ठरव."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी दार ओढून बाहेर पडले, आणि तो येईल असं मला मुळीच वाटलं नाही.

६

शनिवारी सकाळी क्लबहाउस भरलं होतं. लोरीन भिंतीला टेकून उभी होती आणि रायफलीची लांब पिशवी तिच्या पायाशी होती. रॉयसने कागद वाचून दाखवला आणि शेवटचं विचारलं, सही करणार का.

"खोट्यावर नाही," लोरीन म्हणाली. "नियम मोडला त्याची शिक्षा द्या, ती घेते. पण त्याचा डोळा मी घालवला असं मी लिहून देणार नाही. तुम्ही मला हाकला, मी उद्या पुन्हा फाटकाशी येईन. परवाही येईन."

मागून कुणीतरी हसलं. रॉयस म्हणाला, हकालपट्टीच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा. हात वर होऊ लागले. ज्यांना तिने वर्षानुवर्षं वाऱ्याचा अंदाज घ्यायला शिकवलं त्यांचेही झाले. मी जीभ चावून बसले होते. दिलेला शब्द मोडावा असं मला आयुष्यात इतकं कधी वाटलं नव्हतं.

दार उघडलं आणि क्लेटनच्या आधाराने ऑर्विल आत आला. त्यानेही हात वर केला. रॉयसच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान दिसलं. पण ऑर्विलने हात खाली घेतला नाही. तो हात सगळ्यांसमोर कापत राहिला, झाडाच्या शेंड्यासारखा, आणि खोलीतले बाकीचे हात एकेक करून खाली आले.

"नीट बघा," ऑर्विल म्हणाला. "ती काडतुसं याच हाताने भरली. मापाच्या यंत्राचा नळा रिकामा करायचा विसरलो. ती पोर नव्हे, मी. आणि आधीच्या वर्षांच्या पाट्या तिच्या आहेत, माझ्या नाहीत. त्या कुठे लावायच्या ते तिला विचारा."

"मला पाट्या नकोत," लोरीन म्हणाली. तिला रडू फुटलं होतं आणि ते पुसायची तसदी तिने घेतली नाही. "मला माझी जागा हवी. रेषेवरची."

रॉयस वाईट माणूस नाही. तो नियमांचा माणूस आहे, आणि ते कधी कधी जास्त त्रासाचं असतं. तो म्हणाला, हे सगळं नव्याने तपासावं लागेल, दोघांनी मिळून शपथेचा भंग केलाय, समिती पुढच्या महिन्यात बसेल, तोवर दोघांपैकी कुणीही गोळी झाडायची नाही.

लोरीनने पिशवी उचलली आणि बाहेर गेली. आम्ही सगळे मागोमाग गेलो. तिने रेषेवर चटई पसरली, पालथी झाली आणि रायफल खांद्याला लावली. रॉयस म्हणाला, रेषेवर अधिकारी नसताना झाडता येत नाही.

"अधिकारी मी आहे," ऑर्विल म्हणाला आणि तिच्या मागच्या खुर्चीत बसला. "हे कुरण माझं आहे, रॉयस. तुझी समिती माझ्या गवतावर उभी आहे."

रॉयस मग सगळ्यांकडे वळला. लक्ष्य वर चढवायला खंदकात माणूस लागतो, आणि आज खंदकात कुणीही जाणार नाही, असं त्याने बजावलं. कुणी हललं नाही. नियम मोडायचा म्हटलं की माणसांना एकमेकांची तोंडं बघायची असतात. मला त्या तोंडांचा कंटाळा आला होता. मी ट्रकमध्ये बसले. क्लेटन न विचारता शेजारी चढला.

हजार यार्ड दूर, मातीच्या बांधामागे, आम्ही दोघांनी दोर ओढून लक्ष्य वर चढवलं आणि मी रेडिओवर तयार असल्याचं कळवलं. थोड्या वेळाने डोक्यावरून चाबूक ओढल्यासारखी गोळी गेली. लक्ष्य खाली ओढलं. कागदाला भोक होतं, पण काळ्या वर्तुळाच्या बाहेर, डावीकडे.

रेडिओ खरखरला. "वर्ना, वर ये. हा अध्यक्षाचा आदेश आहे."

"रॉयस," मी म्हणाले, "अर्धा हात डावीकडे गेली. इथे खाली वारा वाढलाय. सांग तिला."

क्लेटन दोर धरून माझ्याकडे बघत होता. मग रेडिओचं बटण तसंच दाबलेलं राहिलं असावं, कारण रॉयसचा आवाज आला, पण तो माझ्याशी बोलत नव्हता.

"लोरीन. अर्धा हात डावीकडे. खाली वारा जास्त आहे."

पुढची गोळी वर्तुळात बसली. आम्ही भोकावर खुणेची चकती लावली आणि लक्ष्य पुन्हा वर चढवलं.